फ्लॉरेन्सची गाडी : एका सहलीची आखणी आणि तिच्यामागचा इतिहास

विषयाचं नाव वाचून दोघा-तिघांनी मला सुरुवातीलाच विचारलं, की आज इतिहासाचं व्याख्यान आहे की टूर कंपनीचं? प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की आज आपण खरोखरच एका सहलीची आखणी करणार आहोत. फ्लॉरेन्सला रेल्वेनं कसं जायचं, किती दिवस ठेवायचे, काय बघायचं. फक्त ही आखणी करताना प्रत्येक पायरीवर थोडं थांबून विचारायचं, की हे असंच का आहे? गाडी इतक्या कमी वेळात का पोचते? स्टेशन गावाच्या ऐन मध्यात कसं? आणि आपल्या यादीतून काय सुटतं?

आपल्याकडे युरोपच्या सहलीत फ्लॉरेन्सच्या वाट्याला साधारण एक दिवस येतो. सकाळी रोमहून गाडी, दीड तासात फ्लॉरेन्स. डेव्हिड, घुमटाचं कॅथेड्रल, जुना पूल, जमलं तर उफ्फिझी, आणि संध्याकाळी परत. मीही पहिल्यांदा असाच गेलो होतो. परत आलो तेव्हा फोटो भरपूर होते आणि लक्षात फार थोडं होतं. म्हणून दुसऱ्या खेपेच्या आधी मी थोडा अभ्यास केला. आजचं बोलणं त्या अभ्यासातलं आहे.

सुरुवात नावापासून. तिकीट काढताना आणि फलाटावरच्या पाटीवर तुम्हाला फ्लॉरेन्स हे नाव शोधून सापडेलच असं नाही. तिथे असतं फिरेन्झे, आणि पुढे एस. एम. एन. ही तीन अक्षरं, म्हणजे सांता मारिया नोव्हेल्ला. हे एका चर्चचं नाव. शहराला कांपो दी मार्ते आणि रिफ्रेदी अशी दुसरीही स्टेशनं आहेत आणि काही गाड्या तिथेच थांबून पुढे जातात. तेव्हा तिकिटावर ही तीन अक्षरं बघून घ्या.

आता हे स्टेशन इथे आलं कसं? त्यासाठी १८४४ सालात जावं लागेल. तेव्हा इटली नावाचा देशच नव्हता. फ्लॉरेन्स ही टस्कनी या छोट्या राज्याची राजधानी होती आणि गादीवर होता ग्रँड ड्यूक लिओपोल्ड दुसरा. राज्याचं बंदर लिव्होर्नो, आणि व्यापार सगळा तिथून. म्हणून लिव्होर्नो ते फ्लॉरेन्स रेल्वे घालायचं ठरलं. लिव्होर्नो ते पिसा हा पहिला तुकडा मार्च १८४४ मध्ये सुरू झाला आणि १८४८ मध्ये रूळ फ्लॉरेन्सच्या वेशीपर्यंत पोचले. ड्यूकच्या नावावरून मार्गाला नाव मिळालं लिओपोल्दा. आराखडा होता इंग्रज इंजिनिअर रॉबर्ट स्टीफन्सन याचा. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली १६ एप्रिल १८५३ ला. त्या कामाचा मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली, आणि हा बर्कली याच स्टीफन्सनच्या हाताखाली काम केलेला. म्हणजे आपली रेल्वे आणि टस्कनीची रेल्वे या तशा एकाच घरातल्या.

लिओपोल्दाचं स्टेशन वेशीबाहेर होतं. दुसरी लाइन प्रातोकडून आली, तिचं स्टेशन मात्र तटाच्या आत, सांता मारिया नोव्हेल्ला चर्चच्या मागे बांधलं. ते ड्यूकच्या राणीच्या नावाचं, मारिया आंतोनिया. पुढे दोन्ही लाइनी जोडल्या गेल्या, १८६० मध्ये वेशीबाहेरचं स्टेशन प्रवाशांसाठी बंद झालं आणि आतलं टिकलं. आज गाडीतून उतरून दहा-पंधरा मिनिटं चाललं की कॅथेड्रलसमोर उभं राहता येतं, ते या निर्णयामुळे. बंद झालेल्या लिओपोल्दा स्टेशनात १८६१ साली नव्या इटलीचं पहिलं राष्ट्रीय प्रदर्शन भरलं. ती इमारत अजून उभी आहे, तिथे कार्यक्रम होतात.

आता उत्तरेकडून येऊ. फ्लॉरेन्स आणि बोलोन्या यांच्यामध्ये अपेनाइनची डोंगररांग आडवी पडलेली आहे. जशी मुंबई आणि पुण्यामध्ये सह्याद्री. आपला भोर घाट रेल्वेने ओलांडला १८६३ मध्ये. अपेनाइन ओलांडला १८६४ मध्ये. एका वर्षाचा फरक! बोलोन्या ते पिस्तोया असा हा सुमारे १०० किलोमीटरचा मार्ग, पोरेत्ता या गावावरून त्याला पोरेत्ताना म्हणतात. इंजिनिअर झां लुई प्रोश हा फ्रेंच माणूस. चाळीसहून अधिक बोगदे, उंच कमानींचे पूल, आणि चढ असा की हजार मीटरला पंचवीस मीटर वर. एके ठिकाणी तर डोंगराच्या पोटात वळसा घेऊन गाडी उंची गाठते. कोळशाच्या इंजिनाच्या काळात बोगद्यातल्या धुराने चालक आणि प्रवासी दोघंही गुदमरायचे. तरी हा घाट झाला आणि इटलीची उत्तर आणि मध्य इटली रुळांनी सरळ जोडली गेली. नुकत्याच एक झालेल्या देशाला याची किती गरज होती, ते वेगळं सांगायला नको.

आणि लगेच पुढच्या वर्षी, १८६५ मध्ये, राजधानी तोरिनोहून फ्लॉरेन्सला आली. ती १८७१ पर्यंत इथे राहिली, मग रोमला गेली. सहा वर्षं. पण या सहा वर्षांत शहराचं रूप बदललं. मंत्री आले, कचेऱ्या आल्या, हजारो कारकून आले, त्यांना घरं पाहिजेत. ज्युझेप्पे पोज्जी या वास्तुकाराने आराखडा केला आणि नदीच्या उत्तरेकडचा चौदाव्या शतकातला तट पाडला. त्या जागी रुंद रस्ते झाले. वेशी तेवढ्या ठेवल्या, त्या आज वाहनांच्या गराड्यात एकट्या उभ्या दिसतात. नदीपलीकडच्या टेकडीवर, जिथून सगळे शहराचा फोटो काढतात, तो मायकेलअँजेलोचा चौकही पोज्जीचाच. मग राजधानी गेली, कर्ज मागे राहिलं, आणि १८७८ मध्ये नगरपालिकेचं दिवाळं निघालं. यानंतर काही वर्षांनी शहराच्या पोटातला जुना बाजार आणि ज्यूंची वस्ती पाडून मोठा चौक केला. आज तिथे कॉफी प्यायला बसलेल्यांना तो चौक फार पुरातन वाटतो. तो आहे १८९०च्या दशकातला.

असंच कॅथेड्रलचं. ब्रुनेलेस्कीचा घुमट १४३६ मध्ये पुरा झाला, हे खरं. पण समोरची ती पांढरी-हिरवी-गुलाबी संगमरवरी दर्शनी भिंत? तिचं अनावरण झालं १८८७ मध्ये. आपल्या बोरीबंदरच्या नव्या स्टेशनाला व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव मिळालं, तेच वर्ष. त्याआधी कित्येक शतकं कॅथेड्रलचं तोंड उघडं, दगडविटांचं होतं.

आणि डेव्हिडची गोष्ट तर आजच्या विषयाला अगदी धरून आहे. मायकेलअँजेलोचा डेव्हिड १५०४ पासून राजवाड्याच्या दारात, उघड्यावर उभा होता. ऊन-पाऊस सोसून दगड झिजायला लागला, म्हणून १८७३ मध्ये त्याला अकादेमियात हलवायचं ठरलं. कसं हलवलं? रस्त्यावर रूळ टाकले, लाकडाचा मजबूत गाडा केला, आणि डेव्हिड त्या रुळांवरून कित्येक दिवस इंचाइंचाने पुढे सरकत नव्या घरी गेला. ज्या युगाने शहराचा तट पाडला, त्याच युगाच्या तंत्राने डेव्हिड वाचवला. दोन्ही गोष्टी एकदम लक्षात ठेवायच्या. इतिहासात निव्वळ नफा किंवा निव्वळ तोटा असं फार कमी वेळा होतं.

आता मी ज्या गोष्टीसाठी हा विषय घेतला, तिच्याकडे येतो.

१८७० साल. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, वय वीस. समुद्र ओलांडला तर जात बाटते असं मानणाऱ्या काळात ते मे महिन्यात मुंबईहून निघाले आणि इंग्लंडला गेले. तिथे काही महिने राहिले, व्हिक्टोरिया राणीला भेटले, संस्था पाहिल्या, कारखाने पाहिले. रोज रोजनिशी लिहीत होते. ती त्यांच्यासोबत गेलेल्या कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनी १८७२ मध्ये लंडनला छापून आणली. परतीला निघाले तेव्हा फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलेलं, पॅरिसला वेढा पडलेला. इटलीच्या टाचेवरचं ब्रिंदिसी बंदर त्या काळात हिंदुस्थानच्या वाटेवरचं महत्त्वाचं ठिकाण होऊ लागलं होतं, आणि उत्तरेकडून इटलीत शिरल्यावर फ्लॉरेन्सकडे जायची सरळ रेल्वे म्हणजे आपण आत्ता पाहिला तो पोरेत्ताचा घाट.

महाराज फ्लॉरेन्सला पोचले ते आजारी अवस्थेत. ३० नोव्हेंबर १८७० ला तिथेच त्यांचं निधन झालं. घरापासून हजारो मैल दूर, सोबत मोजके लोक. आता दहन कसं करायचं? इटलीत तेव्हा दहनाची रीत नव्हती. शहराच्या अधिकाऱ्यांकडून खास परवानगी काढावी लागली. जागा निवडली ती शहराच्या पश्चिमेला, काशिने नावाच्या मोठ्या उद्यानाच्या टोकाला, जिथे मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते. संगम! पंचगंगेच्या काठची माणसं परक्या देशात संगम शोधत गेली, यात मला फार काही दिसतं. रात्रीच्या अंधारात तिथे चिता पेटली.

त्या जागेवर १८७४ मध्ये स्मारक झालं. फ्लॉरेन्समध्ये राहणारा इंग्रज शिल्पकार चार्ल्स फुलर याने केलेला महाराजांचा रंगीत अर्धपुतळा, आणि त्यावर आपल्या पद्धतीची छत्री. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरकरांना हे नाव ओळखीचं असेल, कारण कोल्हापूरचा नवा राजवाडाही याच मँटचा. फ्लॉरेन्सचे लोक त्या जागेला इंदियानो म्हणतात, म्हणजे ‘हिंदी माणूस’. १९७८ मध्ये जवळच आर्नोवर मोठा पूल झाला, त्याचं नावही ‘पोंते आल इंदियानो’. रोज हजारो गाड्या त्या पुलावरून जातात. ज्याच्या नावाचा पूल, तो राजा कोण, कुठला, हे त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल?

आणि आपल्याला तरी? महाराजांना मुलगा नव्हता. त्यांच्यामागे दत्तक आले, ते चौथे शिवाजी. त्यांचाही १८८३ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात दुःखद अंत झाला. मग १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातला एक मुलगा दत्तक घेतला, त्याला आपण राजर्षी शाहू म्हणून ओळखतो. फ्लॉरेन्समधला तो मृत्यू घडला नसता तर पुढचं काय कसं झालं असतं, असले तर्क मी करणार नाही. पण ही साखळी त्या संगमावरून जाते, एवढं नक्की. कोल्हापूरचं राजाराम कॉलेज त्यांच्याच नावाचं. असं असूनही आपले मराठी प्रवासी फ्लॉरेन्सला जातात आणि या छत्रीपासून काही किलोमीटरवरून परत फिरतात, कारण ती यादीत नसते.

पुन्हा रुळांकडे. पोरेत्ताचा घाट हळू पडायला लागला, म्हणून १९३४ मध्ये बोलोन्या आणि फ्लॉरेन्समध्ये दुसरी, सरळ लाइन सुरू झाली. तिच्यावर साडेअठरा किलोमीटरचा एकच बोगदा. तो खणताना पाणी, वायू, दरडी यांनी अनेक कामगारांचे जीव घेतले. मग २००९ मध्ये तिसरी लाइन आली, अतिवेगवान. सुमारे ७८ किलोमीटरपैकी ७३ किलोमीटर बोगद्यात! बोलोन्या ते फ्लॉरेन्स आता पस्तीस-चाळीस मिनिटं. पण हे बोगदे खणताना मुजेल्लो भागातले झरे आणि ओढे आटले, त्यावरून वर्षानुवर्षं खटले चालले. खिडकीत बसणाऱ्याला काय दिसतं? काळोख आणि स्वतःचं तोंड. वेग मिळाला, डोंगर गेला. रोमकडून येणाऱ्या वेगवान लाइनचा पहिला टप्पा १९७७ चा, पूर्ण झाली १९९२ मध्ये. आपला तो दीड तास तिथून आला.

आणि आपण उतरतो ते स्टेशन. जुनं मारिया आंतोनिया पाडून त्या जागी आजचं सांता मारिया नोव्हेल्ला १९३५ मध्ये झालं. स्पर्धा घेतली होती, ती जोव्हान्नी मिकेलुच्ची आणि त्याच्या तरुण साथीदारांनी जिंकली. समोर मध्ययुगीन चर्च, तेव्हा स्टेशन ठेंगणं ठेवलं, त्याच भागातला तपकिरी दगड वापरला, आणि काचेचा एक रुंद पट्टा छतावरून खाली ओघळत येतो तसा सोडला. जुन्याशेजारी नवं कसं बांधावं, याचा धडा म्हणून आजही विद्यार्थ्यांना हे स्टेशन दाखवतात. पण हे बांधलं गेलं मुसोलिनीच्या राजवटीत. मे १९३८ मध्ये हिटलर याच स्टेशनावर उतरला, शहर झेंड्यांनी सजवलं होतं. त्यानंतर साडेपाच वर्षांनी, नोव्हेंबर १९४३ मध्ये, शहरातल्या ज्यूंची धरपकड झाली आणि त्यांना भरलेली गाडी फ्लॉरेन्सहून आउशवित्झला गेली. लहान मुलंसुद्धा होती. वेगवान गाडी पकडायला धावताना हे आठवलं तर पाय क्षणभर थांबतात. थांबू द्यावेत.

याच स्टेशनाची दुसरीही आठवण आहे. ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नोला महापूर आला. चिमाबुएचं लाकडावरचं मोठं क्रूसचित्र चिखलात सापडलं, त्याचा बराचसा रंग धुऊन गेला होता. राष्ट्रीय ग्रंथालयाची लाखो पुस्तकं भिजली. देशोदेशींचे विद्यार्थी पुस्तकं उचलायला धावून आले. त्यांना चिखलातले देवदूत म्हणतात. त्यातल्या कित्येकांच्या झोपण्याची सोय स्टेशनात उभ्या केलेल्या रेल्वेच्या डब्यांत केली होती. रूळ तेच. कुणाला कुठे नेलं आणि कुणाला आसरा दिला, ते माणसांनी ठरवलं.

आता आखणी. दोन रात्री ठेवा. एक दिवस हा अन्याय आहे, शहरावर आणि तुमच्या पायांवरही.

वेगवान गाडीचं तिकीट लवकर काढाल तितकं स्वस्त. प्रादेशिक गाडीचं मात्र अंतरानुसार ठरलेलं, ते आयत्या वेळी काढलं तरी फरक पडत नाही. फक्त कागदी तिकीट असेल तर चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्या, नाहीतर खिशात तिकीट असून दंड भराल. उफ्फिझी आणि अकादेमिया सोमवारी बंद असतात, आणि दोन्हींची वेळ आधी राखून ठेवलेली बरी.

पहिल्या दिवशी स्टेशनाबाहेर आलात की समोर चर्चची पाठ दिसेल. बहुतेक जण ती ओलांडून पुढे जातात. तुम्ही वळसा घालून पुढच्या बाजूला जा. ती दर्शनी भिंत अल्बेर्तीने १४७० मध्ये पुरी केली. आत मझाच्चोचं त्रिमूर्तीचं भित्तिचित्र आहे. भिंतीवरच्या सपाट रंगात खोली कशी दिसते, हे युरोपने ज्या चित्रांतून शिकलं त्यातलं ते एक. मग संध्याकाळपर्यंत घुमट आणि जुना बाजार. दुसऱ्या दिवशी सकाळी डेव्हिड. तिथून राजवाड्याच्या चौकात चालत या, म्हणजे डेव्हिड ज्या चौकातून हलवला तो चौक आणि तिथली नक्कल, दोन्ही बघता येतील. दुपारी उफ्फिझी. तिथली चित्रं जगभर विकली गेली नाहीत, याचं श्रेय मेदिची घराण्यातल्या शेवटच्या बाईला, आन्ना मारिया लुईसाला. संग्रह फ्लॉरेन्सबाहेर जाता कामा नये, अशी अट तिने १७३७ मध्ये करारात घातली.

तिसऱ्या दिवशी सकाळी काशिनेला जा. स्टेशनापासून ट्राम आहे. पण छत्री उद्यानाच्या अगदी पश्चिम टोकाला, आणि उद्यान तीन किलोमीटरहून लांब. चांगले बूट घाला. बरोबर कुणी वडीलधारे असतील तर टॅक्सी करा.

आणि वेळ असेल तर एक सुचवतो. फ्लॉरेन्सहून बोलोन्याकडे जाताना वेगवान गाडी सोडा आणि पिस्तोयावरून पोरेत्ताच्या जुन्या लाइनने जा. एकेरी मार्ग आहे, मध्ये गाडी बदलावी लागते, कधी दरडींमुळे काही भाग बंद असतो, तेव्हा आदल्या दिवशी चौकशी करा. पस्तीस मिनिटांच्या जागी तीन तास जातील. पण खिडकीत डोंगर दिसेल, आणि १८७० मध्ये आजारी माणसाला हा प्रवास कसा झाला असेल, याचा थोडा अंदाज येईल.

मी दुसऱ्या खेपेला छत्रीपाशी गेलो तेव्हा सकाळची वेळ होती. बाजूला एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याला फिरवत होते. त्यांनी मला बघितलं, पुतळ्याकडे बोट केलं आणि विचारलं, ‘तुमचा?’ मी क्षणभर थांबलो आणि ‘हो’ म्हणालो. त्यांनी टोपी काढली आणि पुढे गेले. ‘हो’ म्हणताना मला जरा संकोच वाटला होता, कारण पहिल्या खेपेला मी इथून दोन-तीन मैलांवर आइस्क्रीम खात बसलो होतो आणि मला काहीच ठाऊक नव्हतं. तुमची तशी अडचण होऊ नये, म्हणून आजचा हा खटाटोप.

आता प्रश्न असतील तर घेऊ.